मागच्या खोलीतला चहा

आमचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्या सकाळपासून त्याचे वाचक आमच्या घरी येऊ लागले. दाराशी चपला काढायच्या, बैठकीत बसायचं, आणि थोड्या वेळाने "येतो" म्हणून निघायचं. मला फार आनंद झाला. इतकी वर्षं एका जनुकामागे घालवल्यावर माणसं आपल्या पायांनी वाचायला येतात, याहून जास्त काय मागायचं? मी प्रत्येकाला पाणी दिलं.

घर निबंधासारखंच लावलेलं होतं. बैठकीत सारांश, स्वयंपाकघरात पद्धती, मधल्या खोलीत तक्ते. सगळ्यात मागे आभाराची खोली होती आणि तिथे अनसूयाबाई मडावी नातीला घेऊन बसल्या होत्या.

नातीचं नाव मंजुळा. तिच्या एका जनुकातलं एकच अक्षर बदललेलं आहे, आणि त्यामुळे तिची पावलं आत वळत चालली आहेत. पायात चप्पल राहत नाही. असं दुसरं मूल आम्हाला कुठे सापडलं नव्हतं. एकट्या मुलीसाठी कुणी औषध शोधायला बसत नाही. जोडीला दुसरं मूल मिळालं की शोध सुरू होतो. म्हणूनच निबंध लिहिला होता.

रक्त घ्यायला आम्ही त्यांच्या गावी गेलो तेव्हा अनसूयाबाईंनी आधी सगळ्यांना गुळाचा चहा पाजला आणि मगच नातीचा दंड पुढे केला. "हे वाचून कोनी येईन नं, मॅडम?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. आता त्या मागच्या खोलीत तोच चहा ठेवून वाट पाहत होत्या.

वाचक मोजायला संस्थेने खोडके नावाचे गृहस्थ पाठवले होते. ते दाराशी स्टुलावर बसून चपलांचे जोड मोजत. निबंध डाउनलोड करून न वाचणारे एकच चप्पल ठेवून जात.

"या एकट्या चपलेचं काय करता?" मी विचारलं.

"अर्धा वाचक धरतो."

"आणि आत कोण कुठवर गेलं, ते?"

"ते आपल्याकडे नाही, मॅडम. आपल्याकडे चपला. आकडा भरला की दार लावायचं."

माणूस सज्जन होता. ऊन चढलं तरी जागचा हलला नाही. त्याचेही माझ्यावर उपकारच आहेत.

प्रत्येक जोडामागे बैठक हातभर लांब होत होती. आधी मला ते सोयीचंच वाटलं. पाहुणे वाढले की जागा लागतेच. पण स्वयंपाकघराचं दार मागे मागे जाऊ लागलं. एक प्राध्यापक कसेबसे तिथवर पोचले, पातेल्यातलं चमचाभर चाखलं, "पद्धती बरी आहे" म्हणाले आणि वळले. मी त्यांचे मनापासून आभार मानले.

दुपारी कुणीतरी कुठल्याशा ग्रुपवर लिहिलं की आम्हाला आळसाचं जनुक सापडलं आहे. मग काय, जत्राच लोटली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बूट, सँडल, स्लिपर यांचा ढीग जिन्यावरून खाली उतरला. "आमच्या जावयाचं रक्त तपासता का?" एक बाई विचारून गेल्या. सगळे हसले, सगळे पाणी प्याले, आणि सगळे "येतो" म्हणून गेले. बैठक एवढी लांबली की तिच्या टोकाचं दार मला बोटाएवढं दिसू लागलं.

तेवढ्या लांबून आवाज आला, "मॅडम, चहा आटून रायला. पानी टाकू का थोडं?"

"टाका," मी ओरडले. आणि पुढच्या पाहुण्याला पाणी दिलं.

दिवेलागणीला खोडके उठले. "अभिनंदन, मॅडम. आकडा भरला."

"थांबा हो. मागच्या खोलीत अजून कुणी गेलेलं नाही."

"आकडा भरला," ते समजुतीने म्हणाले आणि दार लोटू लागले.

तेव्हा जिन्यावर एक बाई आली. कडेवर मूल, हातात मोबाइल, त्यावर आमच्या निबंधाचं शेवटचं पान. ती काही म्हणाली; ती भाषा मला येत नव्हती. ती अनवाणी होती. तिच्या मुलाच्या पायातही काही नव्हतं.

खोडक्यांनी वाकून उंबऱ्याबाहेर पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"चपला नाहीत," ते म्हणाले.

"मग?"

"मग कुणी आलेलं नाही." आणि जे आलंच नाही त्याला अडवता येत नाही, म्हणून ते बाजूला झाले. बाई आत शिरली. मागे कडी लागली.

तिच्या पावलांखाली बैठक तसूभरही वाढली नाही. ती सारांश ओलांडून गेली, पद्धती ओलांडून गेली. मी पाण्याचा पेला घेऊन मागे धावले, पण माझ्या पायात घरातल्या सपाता होत्या आणि माझ्यापुढची फरशी लांबतच राहिली. मी सपाता काढून टाकल्या. त्या कुणी मोजल्या की नाही, मला ठाऊक नाही.

तक्त्यांच्या खोलीतून मला मागचं दिसलं. अनसूयाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "आल्या का वो बाई," त्या म्हणाल्या, "बसा नं," आणि कप पुसायला लागल्या. मी तिथेच थांबले. कुणाकुणाचे आभार मानू ते मला कळेना, म्हणून मी सगळ्यांचेच मानत राहिले, अर्ध्या वाचकांचेसुद्धा.

बाईने मूल खाली ठेवलं. मंजुळाने त्याच्याकडे पाहिलं, मग आपला पाय लांब केला. त्यानेही केला. तळव्याला तळवा लागला, आणि दोन्ही पावलं सारखीच वळलेली होती.