बोटांवरच्या रेघा

थोरलीचं काम कपांचं. चिनी मातीच्या कारखान्यात साच्यातून निघालेला कच्चा कप तिच्यापुढे येई, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना साच्याची शिवण उठलेली असे. ती शिवण ओल्या स्पंजाने आणि बारीक पॉलिशपेपरने अशी घासायची, की कप जन्मालाच गुळगुळीत आला असं वाटावं. दिवसाला चारशे कप, आणि अशी सतरा वर्षं. हे काम हातमोजे घालून होत नाही. शिवण डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना लागते.

तिची धाकटी बहीण काही वर्षं याच कारखान्यात होती. ती हिला थोरली म्हणे, म्हणून सगळेच थोरली म्हणू लागले. पुढे धाकटी लग्न होऊन लांब गेली, नाव मात्र इथेच राहिलं. आता जेवणाच्या सुट्टीत दोघी रोज फोनवर बोलत. "काय केलंस आज भाजीला?" इथून सुरुवात, आणि मग सुट्टी संपेस्तोवर जगाची उजळणी.

हा फोन थोरलीने घेतला तो दिराच्या आग्रहाने. दीर वरच्या मजल्यावर राहायचा, चष्म्याच्या दुकानात नोकरीला होता आणि कंपनीचा निस्सीम भक्त होता. घरात 'कंपनी' म्हटलं की एकच. त्याचा फोन कंपनीचा, मनगटावरचं घड्याळ कंपनीचं, कानात खुपसायच्या गोळ्याही कंपनीच्याच. पाय मोडून थोरली सहा आठवडे अंथरुणावर होती, तेव्हा वेळ जावा म्हणून त्यानेच हा फोन आणला आणि तिचं बोट टेकवून त्यात तिची ओळख भरून दिली. पाय बरा झाला, ती कामावर गेली, आणि थोड्याच दिवसांत फोनने तिचं बोट ओळखणं सोडून दिलं. तिने त्याचं मनाला लावून घेतलं नाही. चार आकडी नंबर दाबला की फोन उघडायचा, आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

मग एके सकाळी ती उठून बघते, तर नंबर मागणारी पाटीच गायब. त्या जागी लिहिलं होतं: तुमच्या अधिक सुरक्षिततेसाठी आता फक्त बोटाची ओळख. तिने उजवा अंगठा लावला, मग डावा, मग सगळी दहा बोटं पाळीपाळीने लावून पाहिली. फोन ढिम्म.

"भाऊजी, हे काय झालं बघा बरं."

दिराने फोन उलटसुलट केला, आपल्या सदऱ्याला पुसला. "कंपनीचं चुकत नाही हो वहिनी. तुमचं बोट चुकत असेल."

"बोट कसं चुकेल? हातालाच तर आहे."

कंपनीच्या सेवा केंद्रातली मुलगी मात्र भली होती. तिने मऊ फडक्याने थोरलीचं बोट पुसलं, दिव्याखाली धरलं आणि जरा वेळाने हळूच म्हणाली, "काकू, तुमच्या बोटावर रेघाच नाहीत."

"मग आता?"

"ओळख पटल्याशिवाय आम्हालाही उघडता येत नाही. नियम आहे. सगळं पुसून नव्याने सुरू करता येतं, पण त्यालाही बोट लागतं." मग आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "वरचं मॉडेल चेहरा बघून उघडतं. पण ते…" तिने भिंतीवरच्या किमतीच्या पाटीकडे बोट केलं, आणि थोरलीने आपला फोन पिशवीत टाकला.

कारखान्यात जेवताना हाच विषय निघाला. घासकामाच्या खात्यात अकरा बायका, त्यांतल्या तिघींची हीच गत झालेली. एक म्हणाली, सरकारने असल्या कंपनीला वेसण घालायला हवी. दुसरी म्हणाली, वेसण घालशील, पण असा फोन सरकार बनवून देणार आहे का? माझा दोन वर्षांत तीनदा पडला, टवकासुद्धा उडाला नाही. तिसरी म्हणाली, चोराला उघडत नाही हे चांगलंच आहे गं, पण मी चोर आहे का? थोरलीने डबा उघडला; धाकटीचा नंबर त्या बंद फोनातच अडकला होता, आणि आलेला फोनही बोटाशिवाय उचलता येत नव्हता. सुट्टीत कोणाशी न बोलता जेवायची तिला सवय राहिली नव्हती.

त्याच सुमाराला नियामक मंडळाने कंपनीच्या नव्या नियमांवर लोकांची मतं मागवली. ग्राहक संघटनेच्या वकीलबाई कारखान्यात येऊन फॉर्म वाटून गेल्या. फॉर्मवर बरेच चौकोन होते: समाधानी, असमाधानी, सांगता येत नाही. थोरलीने चौकोन सोडून दिले आणि खाली लिहिलं, 'फोन चांगला आहे. पण तो मला आत घेत नाही.' वकीलबाईंना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी मंडळापुढच्या सुनावणीसाठी तिला साक्षीदार केलं आणि फोन पुरावा म्हणून पाकिटात घालून नेला.

पुढे कारखान्याची भट्टी दुरुस्तीला निघाली आणि काम बंद पडून साडेतीन आठवडे झाले. थोरलीने घरातले डबे घासले, पडदे शिवले, दोनदा ठेवणीतली भांडी उगाच पुसली. आणि सुनावणीचा दिवस आला.

मंडळाची खोली मोठी होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मागे खुर्च्यांच्या रांगा. शेवटच्या रांगेत दीर अर्ध्या दिवसाची रजा काढून बसला होता. तो कोणाच्या बाजूने आला होता हे त्यालाही धड माहीत नसावं. आधी एक औषधविक्रेते बोलले. त्यांचा फोन चोरीला गेला, पण चोराला उघडता आला नाही, म्हणून ते कंपनीचे उपकार मानत होते. मग एका निवृत्त शिक्षिकेने पिशवीतून पाच चार्जर काढून टेबलावर ओळीने मांडले. "पाच फोन, पाच तऱ्हा," एवढंच म्हणून त्या बसल्या.

थोरलीची पाळी आली. कंपनीचे वकील मऊ आवाजाचे होते. "बाई, आपण सर्वांसमक्ष एकदा प्रयत्न करून पाहू या का?"

पाकीट फोडलं, फोन चार्ज करून तिच्यापुढे ठेवला. तिने अंगठा टेकवला.

फोन उघडला.

मग फोन टिंग टिंग वाजू लागला. धाकटीचे दीड महिन्याचे निरोप एकामागून एक येऊन पडत होते. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. कंपनीचे वकील नम्रपणे म्हणाले, "माझं काम झालं."

थोरलीचे कान तापले. सगळ्यांसमोर खोटं पडायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. ती अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिने तो डोळ्यांजवळ नेला. त्यावर बारीक, कोवळ्या रेघा उठल्या होत्या.

"साहेब," ती मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाली, "साडेतीन आठवडे आमची भट्टी बंद आहे. घरी बसले म्हणून बोट भरून आलं. हा फोन घेतला तेव्हाही मी पाय मोडून घरीच होते. म्हणजे मी रिकामी बसले की हा मला ओळखतो. कामाला लागले की म्हणतो, तू कोण? येत्या सोमवारी भट्टी पेटणार आहे. त्यानंतर मला पुन्हा बोलवा. हाच फोन, हेच बोट."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोन आठवड्यांनी पुढची तारीख. फोन तोवर बाईंकडेच राहू द्या."

घरी आल्यावर थोरलीने पहिलं काम केलं ते सगळे नंबर वहीत उतरवून घेण्याचं. मग धाकटीला फोन लावला आणि दोघी पोटभर बोलल्या. सोमवारपासून कप सुरू झाले. तिसऱ्या दिवशी फोन दुसऱ्या खेपेला उघडला, सहाव्या दिवशी पाचव्या खेपेला. दीर रोज संध्याकाळी जिना उतरून विचारू लागला, "आज कितव्याला?" नवव्या दिवशी फोन उघडला नाही. दिराने तिचा हात दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. चष्म्याच्या काचेवरचा केसाएवढा चरा त्याला दिसायचा, इथे काही दिसेना. "वहिनी, हे मी आजवर कधी बघितलंच नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या सुनावणीला ती कामावरून तशीच गेली. नखांत पांढरी माती होती. अंगठा लावला, फोन ढिम्म. दहाही बोटं झाली. यावेळी कोणी हसलं नाही.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "हातमोजे वापरले तर?"

"मोज्यातून शिवण कळत नाही. मग ती तुमच्या ओठाला लागेल, चहा पिताना."

सुनावणी संपल्यावर दारापाशी कंपनीचा एक माणूस तिच्याजवळ आला. दोन्ही दिवस तो कोपऱ्यात बसून लिहीत होता. फोनचं हे बोट ओळखणारं यंत्र त्याच्याच खात्यात बनलेलं. "एक विचारू? रेघा परत यायला किती दिवस लागतात?"

"काय माहीत? सतरा वर्षांत अशी दोनदाच बसले."

त्याने ते लिहून घेतलं. मग वही मिटून म्हणाला, "आम्ही चाचण्या घेतल्या होत्या. हजारो माणसांच्या. सगळी आमच्याच ऑफिसातली होती." तो आणखी काही बोलणार होता, पण वकिलांनी हाक मारली आणि तो गेला.

निकाल यायला चार महिने लागले. मंडळाने सांगितलं, फोन उघडायला बोटाखेरीज दुसरा मार्ग ग्राहकाला दिलाच पाहिजे. चार्जरबद्दल चकार शब्द नव्हता; शिक्षिकेने म्हणे नवा अर्ज टाकला. आठवड्याभरात थोरलीच्या फोनवर नंबर मागणारी पाटी परत आली. सोबत कंपनीचा मजकूर होता: आमच्या ग्राहकांच्या सोयीसाठी आणखी एक नवी सुविधा.

दीर तो वाचून हरखला. "बघा वहिनी, कंपनी ऐकते की नाही लोकांचं?"

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्याच्या त्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा पगार कापला गेला होता, हे तिला जावेकडून कळलं होतं.

"ऐकते हो," ती म्हणाली, "जरा ओरडून सांगावं लागतं इतकंच." आणि तिने धाकटीला फोन लावला.