एका 'टेक'चे बावीस नमुने

माणसाने आयुष्यात एकदा तरी अथांग अशा कशासमोर तरी उभे राहावे आणि आपण किती लहान आहोत हे ओळखावे. मास्तरांच्या बाबतीत हा योग एका मंगळवारी सकाळी, चहा आणि टोस्ट यांच्या दरम्यान आला. अथांग जे काही होते ते वहीच्या अर्ध्या पानावर मावले होते.

"बाबा, 'टेक ऑफ' म्हणजे?" सूनबाईने विचारले. ती शाळेत इंग्रजी शिकवायची आणि घरातही तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

"टेक म्हणजे घेणे," मास्तर सावधपणे म्हणाले. "ऑफ म्हणजे बंद. घेणं बंद."

"काढणे. अंगातला कोट काढला की टेक ऑफ."

"घेणे म्हणजे काढणे?"

"हो. आणि विमान उडालं तरी टेक ऑफच."

"म्हणजे कोट काढून विमानात बसायचं," स्वयंपाकघरातून मास्तरांच्या पत्नीने विषय मिटवून टाकला.

मास्तर हसले नाहीत. त्यांना हसायला वेळ नव्हता. शनिवारी परीक्षा होती.

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मास्तर अल्टरेशनचे काम करायचे. सत्तावीस वर्षे ते दुकानाच्या पोटमाळ्यावर बसत. खालून चिठ्ठी टाचलेली पँट वर यायची, दीड तासाने आखूड होऊन खाली जायची. शहरातल्या अर्ध्या लोकांच्या कमरा त्यांना पाठ होत्या. चेहरा एकाचाही पाहिलेला नव्हता. कुणाचे पोट सुटले, कोण डाव्या पायावर जास्त भार देतो, कोण खिशात किल्ल्यांचा जुडगा वागवतो, हे सगळे त्यांना कळायचे. पण यांपैकी कुणी रस्त्यात समोर आला असता तर त्यांनी त्याला वाट विचारली असती.

आता नव्या मॅनेजर मॅडमनी ठरवले होते की चिठ्ठ्या बंद. मास्तर ट्रायल रूमच्या दाराशी बसणार आणि गिऱ्हाइकाशी समोरासमोर, इंग्रजीत बोलणार. त्यासाठी हेड ऑफिसच्या ट्रेनिंगवाल्या मॅडम शनिवारी दहा मिनिटे बोलून बघणार होत्या. जमले तर ठीक. नाही तर मास्तरांची बदली शहराबाहेरच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये. तिथे एक माणूस दिवसभर फक्त पाय दुमडतो, त्याच्या शेजारचा फक्त चेन लावतो.

"तिथे पँट कुणी बघत नाही गं," मास्तर पत्नीला म्हणाले होते. "नुसते पाय बघतात."

"डावा पाय एकाला आणि उजवा दुसऱ्याला, असं तर नाही ना?"

"अजून नाही."

सूनबाईचा हिशेब सरळ होता. "बाबा, तुमच्या धंद्यातलं निम्मं इंग्रजी एका 'टेक'वर चालतं. पुढे छोटा शब्द लावायचा, की काम झालं. तेवढे बावीस पक्के करा."

त्यातला 'टेक इन' आला तेव्हा मास्तरांचा कप हवेतच थांबला. शर्ट कमरेत दाबला तरी टेक इन. ऐकलेले नीट समजून घेतले तरी टेक इन. निराधार माणसाला घरात घेतले तरी टेक इन. आणि कुणी आपल्याला व्यवस्थित गंडवले, तर आपण टेक इन झालो.

"ही भाषा ज्याने केली ना," कप खाली ठेवत मास्तर म्हणाले, "तो शिंपी असणार."

"बाबा—"

"अगं बघ की. कापड एकच. नवं आणायला म्हणून जात नाही. इथे चिमटा घेतो, तिथे दुमडतो, आणि दर वेळी वेगळाच कपडा. चिंधी म्हणून वाया जात नाही."

"भाषा कुणा एकट्याने नसते केलेली, बाबा."

"मग मोठं दुकान असणार," मास्तर म्हणाले, आणि थंड झालेला चहा पिऊन कामावर गेले.

बुधवारी संध्याकाळी ते वही घेऊन खिडकीशी उभे राहून पाठ करत होते. बावीसपैकी चार लक्षात होते, त्यातले दोन चुकीचे. पत्नी म्हणाली, "एक दप्तर पण शिवून घ्या आता." मास्तरांनी वही मिटली आणि भिंतीकडे तोंड केले. 

"अहो, मी आपलं बोलून गेले. तुम्ही लगेच मनाला लावून बसलात."

मास्तर सावकाश वळले. "पुन्हा म्हण."

"काय पुन्हा म्हणू?"

"तू बोलून गेलीस. कुठे गेलीस? इथेच आहेस. आणि मी लावून बसलो. मी तर उभा आहे."

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"सकाळी दूध नासून गेलं म्हणालीस. कुठे गेलं? पातेल्यातच होतं."

"मोरीत ओतलं मी ते."

पण मास्तर ऐकत नव्हते. एकतीस वर्षे ते या बाईबरोबर राहत होते, आणि एकतीस वर्षे ही बाई कसलेही पुस्तक न उघडता, एका हाताने कणीक मळत, वेळ पडली तर भांडतानासुद्धा, हे असले अवघड काम बिनचूक करत होती. तारेवरून चालणाऱ्या माणसाकडे बघावे तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

"असं बघू नका," ती म्हणाली. "घरात सून आहे."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी वही बाजूला ठेवली आणि करड्या सुटिंगची एक लांब पट्टी कापली. डोक्यात काही राहत नव्हते; हातात सत्तावीस वर्षांचे सगळे राहिले होते. त्यांनी 'टेक' शिवायला घेतला. टेक इनला बाजूची शिवण दाबली. टेक अपला खालची कड दुमडून तुरपाई घातली. टेक अपार्टला टीप अर्धवट उसवली. टेक ओव्हर, म्हणजे ताबा घेणे, तिथे खालचे कापड दिसणार नाही असे ठिगळ लावले. सगळ्यात शेवटी टेक आफ्टर, म्हणजे मुलगी आईवर जाते ते. त्याला एक मोठे आणि एक छोटे, एकाच घडणीची दोन बटणे. शुक्रवारी दुपारपर्यंत बावीस नमुने झाले. पट्टी खिशात ठेवून नुसते बोट फिरवले की शब्द ओठांवर यायचा. सूनबाईने सगळे विचारले. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही चुकला नाही. तिने सासऱ्यांचा हात खिशातून काढायला लावला, तर एकही आला नाही.

"असू दे," ती म्हणाली. "हात खिशातच ठेवा."

शनिवारी स्टॉक रूममध्ये एक टेबल, दोन खुर्च्या आणि डोके नसलेले तीन पुतळे होते. ट्रेनिंगवाल्या मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, समजा मी गिऱ्हाईक आहे, हा शर्ट मला बाजूंनी सैल होतोय.

मास्तरांनी खिशात पहिला नमुना चाचपला. बोटाला दोन बटणे लागली. तोंड आपले काम करून मोकळे झाले: "आय विल टेक आफ्टर यू." मी पुढे तुमच्यासारखाच दिसेन, असे त्यांनी मॅडमना आश्वासन दिले.

मॅडमनी काहीतरी लिहिले. पँट लांब होतेय, त्या म्हणाल्या.

बोटाला ठिगळ लागले. "आय विल टेक ओव्हर."

दुकानाचा ताबा घेण्याचा हा इरादा ऐकून मॅडमनी एकदा दाराकडे पाहिले आणि आणखी काहीतरी लिहिले. या लिहिण्याचा अर्थ मास्तरांना कळत होता. डोळ्यांसमोर पायांचे ढीग आले, नुसते पाय. घामेजलेली बोटे पट्टीवरून पुन्हा एकदा फिरली आणि मग त्यांच्या लक्षात आले. डोळे मिटून कापडाची उलट-सुलट सांगणाऱ्या माणसाने पट्टी शेवटच्या टोकाकडून धरली होती.

मग कुठल्याही शिंप्याने केले असते तेच त्यांनी केले. काम बाहेर काढले, टेबलावर पसरले, फिरवून घेतले. "सॉरी मॅडम," ते आपल्या भाषेत म्हणाले. "उलटी धरली होती."

"हे काय आहे?" मॅडमही आपल्या भाषेत आल्या.

"टेक आहे."

दहा मिनिटांची परीक्षा पाऊण तास चालली. मॅडम एकेका नमुन्यावर बोट ठेवत, मास्तर शब्द सांगत आणि तो वाक्यात घालून दाखवत. वाक्ये लंगडी होती, शब्द एकही चुकत नव्हता. एका ठिकाणी मखमलीचे दोन तुकडे जोडले होते.

"हे टेक टू. कुणी कुणाला आवडायला लागणं. दोन्हींची लव एकाच बाजूला आहे. हात फिरवा, कुठे अडतंय का?"

मॅडमनी हात फिरवला. अडले नाही. त्यांनी पुन्हा फिरवला.

"आणि हे? इथे तर काहीच नाही."

"टेक बॅक. बोललेलं मागे घेणं. टीप घातली आणि पूर्ण उसवली. उजेडात धरा. सुईची भोकं दिसतील. इस्त्री केली तरी जात नाहीत."

मॅडमनी पट्टी खिडकीकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. "बारा वर्षं शिकवतेय मी हे," त्या म्हणाल्या. "फळ्यावर लिहिते. बाण काढते."

"बाणाला हात लावता येत नाही ना, मॅडम."

त्यांनी मास्तरांना पैकीच्या पैकी गुण दिले आणि जरा अडखळत विचारले, ही पट्टी मी ठेवू का? मास्तरांनी लोंबणारे दोन दोरे कात्रीने कापले आणि घडी करून त्यांच्या हातात दिली.

सोमवारी मास्तरांची मशीन पोटमाळ्यावरून उतरून ट्रायल रूमच्या दाराशी आली. पहिल्या महिन्यात एकशे बारा गिऱ्हाइके आली. एकशे आठ जणांनी बोटाने पँटच्या पायाकडे दाखवले. तिघे फोनवर बोलत होते. एकाने मात्र स्वच्छ इंग्रजीत विचारले, टॉयलेट कुठे आहे.

मास्तरांनी हाताने दाखवले.