गळलेले सदतिसावे पान

पान १

मी एक जुना गठ्ठा आहे. विद्यापीठातल्या 'शिक्षणाचे अर्थशास्त्र' या विषयाच्या नोट्सचा, झेरॉक्स केलेला, काळ्या स्पायरलचा. मित्रांनो, माझ्यासारखे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. परीक्षेआधी उशाशी, परीक्षेनंतर रद्दीत.

मला मुळात लिहिले एका मुलीने. तिचे अक्षर इतके सुबक होते की वर्ग तिला 'छापखाना' म्हणे. सर बोलत, ती उतरवून घेई. ती वही झेरॉक्सवाल्या काकांकडे आली तेव्हा दुकानाबाहेर रांग लागली होती. काकांनी घाईने पाने सोडवून यंत्राच्या तोंडात दिली. छत्तीस आणि सदतीस ही दोन पाने एकमेकांना चिकटली होती. यंत्राने ती एकदमच गिळली. छत्तिसाव्याची प्रत निघाली, सदतिसाव्याची निघाली नाही. मग काकांनी कडेला भोके पाडली, त्यात पानांचे आकडेही गेले. छत्तिसावे पान पूर्णविरामावर संपत होते, अडतिसावे नव्या मथळ्याने सुरू होत होते.

कुणाला काही कळले नाही. मला कळले. पण मला तोंड नाही.

पान १२

छापखाना तिची वही घेऊन गेली. मी दुकानातच राहिलो, कारण पुढच्या साऱ्या प्रती माझ्यावरून निघायच्या होत्या.

"काका, अर्थशास्त्राचा गठ्ठा द्या."

"कुठला? पास करणारा?"

"तोच."

माझा ऊर भरून येई. आणि दरवर्षी निकालानंतर कुणीतरी काउंटरवर टेकून तेच म्हणे, "खर्चाच्या प्रश्नाला पुन्हा निम्मेच मार्क. सर म्हणतात, तुम्ही सगळे एकमेकांचं बघून लिहिता."

"म्हणजे सगळे सारखेच हुशार की," काका म्हणत आणि यंत्राचे झाकण लावत. त्या झाकणाखाली मी उजेडात भाजत पडलेला असे. माझ्यातून निघालेली प्रत्येक प्रत माझेच भोक घेऊन बाहेर जात होती.

पान ३६

पुढे मुले मोबाइलवर फोटो काढू लागली. मी काउंटरखाली, कोऱ्या कागदांच्या खोक्यामागे गेलो. किती वर्षे ते मोजले नाही. मग एक दिवस एक मुलगी आली. तिचा फोन फुटला होता. काकांनी मला झटकून तिच्या हातात दिले. "असाच घेऊन जा. हा बाकीच्या सगळ्यांचा मूळपुरुष आहे."

तिला घरी ताई म्हणत. घर म्हणजे एक खोली, आई, धाकटी बहीण आणि एक घडीचे टेबल. ताई पूर्वी खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिने विद्यापीठात नाव घातले तेव्हा नववीतली धाकटी शाळा सोडून तिच्या जागी उभी राहिली. पदवी मिळाली की ताईला कारखान्याच्याच ऑफिसात जागा मिळणार होती आणि धाकटी वर्गात परतणार होती. शाळेच्या बाईंनी तिचे नाव पटावर ठेवले होते, पण निकालापर्यंतच.

बाकी सारे विषय सुटले होते. हा एकच दोनदा अडला होता. तिसरी संधी शेवटची.

"अर्थशास्त्रवाल्या बाई, तुमची मागणी आणि पुरवठा जरा सरकवा. ताटं ठेवायचीत."

"थांब गं, एवढं पान होऊ दे."

"होऊ दे, होऊ दे. पास झालीस की तू माझी खोकी सांभाळ, मी तुझी वही सांभाळते. नाहीतर जन्मभर दोघी मिळून चिकटपट्टी लावू."

ताई हसली नाही. धाकटीच्या बोटांना चिकटपट्टीचा गोंद होता, तो माझ्या छत्तिसाव्या पानाला लागला. बोट नेमके तिथेच टेकले होते. मी सगळा जीव एकवटला. एकदा तरी थांब, मोज, इथे काहीतरी नाही.

ताईने पान उलटले.

पान ३८

ती तीन मार्कांनी नापास झाली.

ती मला घेऊन सरांच्या खोलीत गेली. सरांनी तिची उत्तरपत्रिका काढली, मग मला चाळले आणि छत्तिसाव्यावर थांबले.

"यापुढे एक पान होतं. मी दरवर्षी शिकवतो ते. तुम्ही त्या दिवशी वर्गात नव्हता?"

"कारखान्यात होते सर. धाकटी तापाने पडली होती, तिच्या पाळीला मी गेले."

"शिकणारा माणूस जी कमाई सोडतो, तोही शिक्षणाचा खर्च असतो. त्याची स्वतःची, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाची. एवढंच होतं त्या पानावर."

ताईने मला सरांच्या हातातून परत घेतले.

"हे मला गठ्ठ्याशिवाय माहीत होतं सर. आमच्या घरातच राहते ती. तीही उत्तरात लिहायची असते, हे माहीत नव्हतं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. निकाल बदलत नाही, असे ते म्हणाले. त्याच आठवड्यात शाळेने धाकटीचे पटावरचे नाव काढले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार नाही. मला फार जपले गेले आणि त्यातूनच हे घडले. हाती आलेली पाने मोजा, एवढेच सांगतो. गळलेल्या पानावर कुणीतरी उभे असते.

ताईने माझी स्पायरल उकलली, एक कोरा कागद लिहून छत्तिसाव्यामागे घातला आणि मला काकांच्या काउंटरवर ठेवले. काका आता प्रती काढतात तेव्हा तो कागदही निघतो.

पान ३७

शिक्षणाचा आणखी एक खर्च असतो. त्याची पावती मिळत नाही. एकजण वर्गात बसतो तेव्हा दुसरे कुणीतरी त्याच्या जागी उभे असते. परीक्षेत हे लिहावे. खाली ओळी सोडल्या आहेत. आपापल्या घरातले नाव भरावे.

१. माझी धाकटी

२.

३.