हात न टेकता

प्रदर्शनाच्या तिसऱ्या आणि शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत खुर्चीवाल्याच्या स्टॉलवर दोनशे चौदा माणसं बसून गेली होती. आकडा पक्का आहे, कारण तो कानामागची पेन्सिल काढून प्रत्येकाची रेघ मारत होता. त्यातली निम्म्याहून अधिक नुसती पाय दुखले म्हणून टेकलेली. चार तास झुंबरं, पडदे आणि सोफे बघत फिरल्यावर माणसाला घर सजवायची हौस उरत नाही, बूड टेकायला जागा हवी असते. एका गृहस्थांनी तर बूट काढून मोजेसुद्धा झटकले. एका बाईंनी खुर्चीत बसून अख्खा डबा संपवला आणि जाताना कौतुक केलं ते शेजारच्या लाईटवाल्याच्या दिव्यांचं.

खुर्चीवाल्याची बायको मात्र हसतमुखाने सगळ्यांना माहितीपत्रक देत होती. तिला हसणं भाग होतं. कारखाना दोघा भावांच्या नावावर, आणि थोरल्याने सरळ सांगून टाकलं होतं की या प्रदर्शनात शंभर खुर्च्यांची एक ऑर्डर आण, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आली, तर सोमवारपासून रंधे-करवती बाहेर आणि पेटीबंद तयार फर्निचर आत. धाकट्याला काढणार नव्हता तो, एवढा वाईट माणूस नाही. पेट्यांतल्या फळ्यांना बोल्ट आवळायला कोणीतरी लागणारच होतं.

आता त्या रेघांचं. वडिलांपासून त्यांच्याकडे एक पद्धत होती: माणूस खुर्चीत बसतो कसा हे बघायचंच नाही, उठतो कसा ते बघायचं. हात न टेकता उठला, तर खुर्ची जमली. हात टेकला, तर खुर्चीचे पाय सोडवून पुन्हा कामाला लागायचं. म्हणून हात न टेकणाऱ्याची उभी रेघ आणि टेकणाऱ्याची आडवी. पहिल्या दिवशी दुपारीच आडव्या रेघा पुढे गेल्या होत्या.

चूक कुठे झाली ते त्याला संध्याकाळपर्यंत उमगलं. खुर्चीची परीक्षा घरीच झाली होती. तो, बायको, दादा, वहिनी आणि दोन आत्या अशी सहाजणं बसली आणि सहाही टुणकन उठली. पण त्या घराण्यात पाच फूट तीन इंचांच्या वर कोणी गेलेलंच नव्हतं, आणि सुनासुद्धा माप घेऊन शोधल्यासारख्या आणलेल्या. सहा महिने खपून त्याने आपल्या खानदानाला बसेल अशी खुर्ची केली होती. जग तिच्यात बसत होतं, पण उठताना कण्हत होतं. बैठक दीड बोट खाली राहिली होती, बस, दीडच बोट. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

तीनच्या सुमाराला हॉटेलांसाठी खरेदी करणाऱ्या बाई आल्या. उंच, घाईत, आणि मागे फाइल धरलेला सहायक. बसल्या, पाठ टेकली, डोळे मिटले आणि चांगला मिनिटभर तशाच राहिल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी खुर्चीत खुर्चीसाठी बसलं होतं. मग त्या म्हणाल्या की नव्या हॉटेलच्या जेवणघरासाठी एकशेवीस हव्यात, हाच नग नमुना म्हणून मोहर लावून ठेवू, बाकीचे त्याच्या बरहुकूम, केसाचाही फरक चालत नाही. निर्णय आजच द्यायचा आहे.

बायकोने पावतीपुस्तक शोधायला वाकून टेबलाखाली डोकं घातलं, कारण तिचे डोळे भरून आले होते.

बाई उठल्या. उठताना उजवा तळवा बैठकीवर दाबला गेला.

"बाई," खुर्चीवाला म्हणाला, "ही देता येणार नाही मला."

त्यांना वाटलं, किंमत वाढवायला बघतोय. त्यांनी किंमत विचारली. त्याने किंमत सांगितली नाही, दीड बोटाची गोष्ट सांगितली. एक महिना द्या, बैठक वर घेऊन देतो, मग मोहर लावा, अशी गळ घातली. बाईंनी खुर्चीकडे आणि त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. त्या काही दुष्ट नव्हत्या.

"अहो, मला हीच आवडलीय. उंचीचं कोण बघतंय?"

"तुम्ही हात टेकलात."

"दमलेय मी."

"जेवून उठलेली माणसंही जडच असतात," तो म्हणाला. "रोज एकशेवीस जण हात टेकून उठतील. मला झोप यायची नाही."

महिनाभर थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी माहितीपत्रक घेतलं, छान काम करता म्हणाल्या, आणि समोरच्या रांगेत लोखंडी पायांच्या खुर्च्या होत्या तिकडे वळल्या. सहायकाने तिथेच फाइल उघडली.

बायकोने पावतीपुस्तक परत टेबलाखाली ठेवलं. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाला कोणी विचारलं होतं का, तुमच्या घरचे सगळे बुटके आहेत का म्हणून?"

तो हसला. ती हसली नाही.

पाचला दादा टेम्पो घेऊन आला. एकशेवीसची गोष्ट बायको सांगणार नाही हे खुर्चीवाल्याला तिच्या तोंडावरून कळलं, आणि ती त्याच्यासाठी लपवतेय हे त्याला सहन होईना. त्याने स्वतःच सगळं सांगितलं. दादाने ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि मग धाकट्याच्या खांद्यावर ठेवला.

"बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं," तो म्हणाला. "म्हणूनच आपण इथे आहोत. सोमवारी नऊला ये. पेटीत जोडणीच्या चित्रांचा कागद असतो, एका दिवसात जमेल तुला."

"बरं," धाकटा म्हणाला.

स्टॉलवरच्या सहा खुर्च्यांपैकी पाच टेम्पोत चढल्या. सहावीसाठी लाईटवाला अडून बसला. त्याची शिडी कोणीतरी नेली होती आणि वरचे दिवे उतरवायचे होते. त्याने खुर्चीवर हात आपटून पाहिलं आणि मनापासून म्हणाला की बुटकी आहे पण भक्कम आहे, चढायला एकदम झकास, दुकानात कायमची ठेवतो.

बायको तोंड फिरवून टेम्पोत जाऊन बसली. खुर्चीवाल्याने खुर्ची देऊन टाकली. फक्त जाताना लाईटवाल्याच्या कामगाराला सांगितलं, बाबा, बूट काढून चढ.

"हो हो," कामगार म्हणाला, आणि चढला.

बूट पायातच होते. वर उभा राहून त्याने पहिला दिवा फिरवून सोडवला. खुर्ची जरासुद्धा हलली नाही.