सव्वा वर्षाची चूल

येडबाची उचकी सुरू झाली मंगळवारी आणि थांबली पुढल्या आठवड्याच्या गुरुवारी. तेवढ्यात तिनं सगळं गाव बेजार केलं. आमचं गाव येलदरीच्या धरणामागं. उचकीच्या दणक्यानं पाण्यातले मासे आपण होऊन काठावर यायचे, म्हणून त्या आठवड्यात कुणी जाळंच टाकलं नाही, नुसती टोपली घेऊन बसले. येडबाची मेंढरं उचकीच्या ठेक्यावर चरायला शिकली. शंका असेल त्यानं मेंढरांना विचारावं.

पण उचकी नंतरची. आधी भाकरीचं सांगितलं पाहिजे.

येडबा साठ मेंढरांचा मालक. गावात नवसाची कंदुरी असली की बोकडाचं मटण गडीमाणसंच शिजवतात, आणि त्या पातेल्यापुढं येडबा. वर्षातून एकदा. कांदे चिरायला चार जण, लाकडं सारायला दोन, घाम पुसायला एक. हा फक्त मीठ टाकायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा. तेवढ्यावर तो स्वतःला आचारी समजायचा. घरी मात्र दोन्ही वेळचं रांधणं बायकोचं, भिवराबाईचं. ती भाकर वाढायची आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसायची, आज तरी एखादा बरा शब्द निघतो का म्हणून. निघायचा तो असा, की हे कालवण आहे का पाय धुतलेलं पाणी? बावीस वर्षं असंच चाललं.

मग लेकीचं, दीपिकाचं, ताडकळसला जमलं. व्याही-विहीण जेवायला आले. भर पंगतीत येडबानं भाकर उचलली, उजेडाकडं धरली, बोटानं वाजवली आणि दारातल्या कुत्र्यापुढं टाकली.

"बघा पावनं," तो म्हणाला, "ह्येच्यावर जगायलोय मी."

विहीण पदराआड हसली. कुत्र्यानं भाकर मटकावून आणखी एकीसाठी शेपूट हलवली, ते भिवराबाईशिवाय कुणी पाहिलं नाही. तिनं दुसरी भाकर वाढली. राग आल्यावर जी बाई भांडी आदळते तिचा राग सांजेपर्यंत उतरतो. हिनं वाटी वाजू दिली नाही. त्या दिवशी तिनं मनाशी एकच धरलं. एका शब्दासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसणं काय असतं, ते ह्या माणसाला चुलीपुढंच कळलं पाहिजे.

दीड वर्ष ती वाट बघत राहिली. मग ही उचकी आली.

साखर झाली, उलटं लटकवून पाणी पाजणं झालं, मागून गोऱ्हा सोडून झाला. जिंतूरला नेऊन सुई टोचली, तर उचकीसरशी सुई वाकडी. शेवटी येडबाची आत्या सरजाबाई म्हणाली, आता म्हसोबाला नवस बोला. नवस बायकोनं बोलायचा, असंही तिनंच सांगितलं.

बांधावरच्या म्हसोबापुढं अर्धं गाव उभं. भिवराबाईनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"देवा, ह्यांची उचकी थांबू दे. माझा मालक सव्वा वर्स दोन्ही टायमाला सैपाक करंल. आधी मला वाढंल, मग आपण खाईल."

कबूल आहे का, असं सरजाबाईनं भाच्याला विचारलं. येडबाला नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात उचकी आली आणि मान दाणकन खाली गेली. अर्ध्या गावानं ती कबुली पाहिली. ती शेवटची उचकी. देवानं थांबवली म्हणा, नाहीतर ऐकून बसलेल्या धसक्यानं. उचकी गेली आणि चूल आली.

त्याच्याऐवजी बोकड देतो म्हणून तो आत्याच्या हातापाया पडला. आत्या म्हणाली, बदललेला नवस दुपटीनं फिरतो. नऊ दिवसांची उचकी दुपटीनं म्हणजे अठरा दिवस, असा हिशोब त्यानं मनात केला आणि पीठ मळायच्या काटवटीपुढं बसला.

पहिल्या भाकरीला अशी चीर गेली की तिच्यात पूर्णा नदी ओळखू यावी. दुसरीतून गंगाखेडला जायचा रस्ता निघाला. तिसरी तव्यावरून सुटेचना, तेव्हा तवाच ताटात आला. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते, भाकर थापताना फाटते. भिवराबाईनं त्याच्यासाठी महिन्यापूर्वीचं दळण राखून ठेवलं होतं, आणि पाणी उकळतं घ्यावं लागतं हेही सांगितलं नाही. ती पाटावर बसायची, एक तुकडा मोडायची, चावायची आणि ताट हलकेच बाजूला सारायची. नाव ठेवायची नाही. ठेवलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं.

सहाव्या महिन्यात तिनं व्याही-विहिणीला मुद्दाम जेवायला बोलावलं. येडबा धुरात डोळे पुसत भाकरी थापत होता. विहिणीनं तुकडा तोंडात घातला आणि तो इकडचा तिकडं करत बसली.

"खावा की विहीणबाई," भिवराबाई म्हणाली. "दात जपून. मी रोज ह्येच्यावर जगायलेय."

व्याही खोकला. येडबानं मान वर केली नाही. त्याच आठवड्यात तो गुपचूप शेजारच्या छबूबाईकडं गेला आणि भाकरीचं सगळं विचारून आला. मेंढरं चारता चारता ओल्या मातीच्या भाकरी थापायचा. आठवड्याच्या आठवड्याला दळण स्वतः आणायला लागला.

सव्वा वर्ष भरलं त्या दिवशी त्यानं बेसन केलं, शेंगदाण्याची चटणी केली. भाकर तर अशी फुगली की तव्यावरून उडून पत्र्याला टेकली आणि काठीनं खाली ओढावी लागली. भिवराबाई जेवली. एक, दुसरी, तिसरी. बेसन पुसून घेतलं. येडबा चुलीपाशी उकिडवा बसून तिच्या तोंडाकडं बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "कसं झालंय गं?"

ती शांतपणे हात धुऊन उठली.

"रांधायचं अन् वाढायचं बोलले हुते मी नवसात," ती म्हणाली. "सांगायचं बोलले न्हवते."

दुसऱ्या दिवशी नवस फिटलेला होता. चूल पुन्हा तिची. ती उठून बघते तर येडबानं जाळ केलेला, पीठ मळलेलं. आजच्या दिवस करतो, म्हणाला, आज जमतंय का बघू.

त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. ताडकळसच्या बाजारात लोक त्याच्या भाकरीची गोष्ट सांगतात. भिवराबाईच्या बांगड्या दोनदा मोठ्या घ्याव्या लागल्या. रोज तो वाढतो आणि बघत बसतो. ती चावते, गिळते, ताट पुढं करते.

"अजून एक," एवढंच म्हणते.