सही करण्याआधी चष्मा काढला

माझा चष्मा उणे आठचा. बायको त्याला बाटलीचं बूड म्हणते. तिचा भाऊ काही म्हणत नाही, नुसता कीव आल्यासारखा बघतो. दोन महिन्यांपूर्वी त्याने लेझरने डोळे दुरुस्त करून घेतले, तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नाहीत. रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवतो, कुणी न विचारता.

मी रफूगार. कोटाचं भोक त्याच्याच कापडाचे धागे काढून असं भरतो, की मालकालाही सापडू नये. हे काम मी चष्मा काढून, कापड डोळ्यांपासून चार बोटांवर धरून करतो. पंचवीस वर्षं घर यावरच चाललंय. पण मेहुण्याने परस्पर वेळ ठरवली आणि मला दवाखान्यात नेलं.

तिथल्या सल्लागार बाईंनी फायदे सांगितले. दहा वर्षं तरुण दिसाल, बिनधास्त पोहाल. मला पोहता येत नाही.

"आणि धोके?"

"ते सगळे फॉर्मवर आहेत. इथे सही करा."

अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मी चष्मा काढून कागद नाकाशी धरला.

"दाजी, वाचत काय बसलात? मी कुठे वाचलं होतं?" मेहुणा म्हणाला.

मी मोठ्याने वाचू लागलो. डोळे कोरडे पडतील, दिव्यांभोवती वलयं दिसतील. अकरावा मुद्दा दोनदा वाचला. चाळिशी ओलांडलेल्या उणे नंबरवाल्यांना चष्मा काढून जवळचं बारीक पाहता येतं, ती सोय कायमची जाईल.

"मग जवळचा चष्मा लावायचा!" बाई हसल्या.

म्हणजे चष्मा काढून पोट भरणाऱ्याने चष्मा घालवायला चष्मा लावायचा.

"असं कुठे लिहिलंय?" माझ्याच वयाच्या मेहुण्याने कागद ओढला. हात लांब केला, आणखी लांब केला, शेवटी बोटं भिंतीला आपटली.

"उजेड कमी आहे इथे," तो म्हणाला.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. याला आता तेवढेच दिसत होते. मी कागद परत घेतला, सही न करताच बाईंना दिला आणि निघालो.

आठवड्याने तो दुकानात आला, कोट टेबलावर टाकला. "कसर लागलीय म्हणे, हिने पाठवलाय. बाहीवर भोक आहे."

मी चष्मा काढला, भोक शोधलं आणि जुळता धागा आणायला आत गेलो. बाहेर आलो तर त्याने बाही हातभर लांब धरलेली.

"वा दाजी! भोक होतं की नव्हतं, पत्ता लागत नाही. तुमच्या हाताला तोड नाही."

मी अजून सुईही ओवली नव्हती.