पालथे ग्लास

मानवतच्या मोटार अड्ड्यावर माझं हॉटेल. कोण साखर दोनदा मागतो, कोण दुसऱ्याच्या बिडीवर जगतो, कोण बायकोला भितो, सगळ्यांची नोंद माझ्या डोक्यात. नर्मदाबाई नर्सची मात्र दोन वर्षं जुळत नव्हती. मी ग्लास विसळून फळीवर पालथे घालायचे आणि बाईंनी येऊन एकेक सुलटा करायचा. रोज. मग त्यात धूळ.

"नर्सबाई, लशी टोचायच्या सोडून माझ्या ग्लासांवर का डोळा?"

"ऱ्हावत न्हाई, बन्सीधरभाऊ." एवढंच.

त्या दिवशी बाईंच्या मांडीवर सरकारी कागद होता. परभणीच्या दवाखान्यात पटकीच्या वॉर्डाची मुख्य नर्स म्हणून बोलावणं, हजर व्हायची तारीख आजची. चार वर्षांपूर्वीच्या पटकीच्या साथीनंतर बाईंनी वॉर्डात पाऊल टाकलं नव्हतं. दोन मोटारी त्यांनी सोडल्या, तिसरी शेवटची.

इतक्यात पोखर्णीकडची मोटार आली. काखेत कोकरू घेतलेली एक धनगरीण उतरली, ती थेट बाईंच्या पायांवर.

"वळखलं न्हाई का? मी भिवरा. छपरातली."

बाईंचा चेहरा उतरला. "भिवराबाई, तुमचा पेला मी पालथा घातला होता."

मग उलगडलं. पटकीच्या त्या पत्र्याच्या छपरात माणूस गेलं की बाई त्याच्या उशाचा जर्मन धातूचा पेला पालथा घालायच्या, म्हणजे पाणी पाजणाऱ्यानं पुढं जावं. भिवराबाईचाही घातला. वळून पाहिलं, तर पापणी हललेली.

"तुमची हलली म्हणून दिसली," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी आणखी सतरा पेले पालथे होते. त्यात कोण जित्तं होतं, कुणाला ठाव? झोपेतबी तेच सुलटे करते मी."

"काय बोलायलाव बाई!" भिवराबाई कडाडली. "माझी वाचा गेल्ती, डोळे हुते ना? माझी पापणी हलली अन् तुमी आरसा घेऊन समद्या पालथ्या पेल्यांपाशी गेलाव. सतराच्या सतरा! एकेकाच्या नाकाला लावून बगितलाव. त्यात माझा चुलता हुता. त्याच्यापाशी लय येळ बसलाव. कुणीच न्हवतं राह्यलं, तवा रडलाव. इसरलाव व्हय?"

बाईंनी पिशवीत हात घातला. मूठ तुटलेला आरसा निघाला. चार वर्षं तो का जपला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यात बघत राहिल्या, आणि श्वासानं काच धुरकटली.

परभणीच्या मोटारीनं भोंगा दिला. बाई उठल्या, फळीवरचे ग्लास धडाधड पालथे घातले. एकच सुलटा ठेवून माझ्यापुढं सरकवला.

"ह्यो भरा भाऊ, काठोकाठ. माझी भिवरा जित्ती हाय!"

"अन् कोकराला?" मी म्हटलं.

"त्याला वाटीत!"

ड्रायव्हर ओरडला, "नर्सबाई, कुठवर?"

"पार वॉर्डाच्या दारात!" म्हणत बाई पुढच्या बाकावर ऐटीत बसल्या.